विचारल्याशिवाय घेऊ नये

फोटो जगाला दिसावेत म्हणून लोक वेबसाइट काढतात. ते सहजासहजी कुणाला दिसू नयेत म्हणून वेबसाइट चालवणारा माणूस आख्ख्या मराठवाड्यात एकच निघाला, आणि माझी थोरली बहीण नेमकी त्याच घरात पडली. हे आमचे दाजी. राहतात मुखेडला. मी असते लातूरला. मधल्या अंतरामुळे मला त्यांचं कौतुक करायला जमतं. अक्काला जमत नाही, तिला त्यांच्यासोबत राहावं लागतं.

दाजींचा मुखेडात चाळीसेक वर्षं स्टुडिओ होता. मागे रंगवलेला धबधबा, पुढे लाकडी स्टूल. गिऱ्हाईक आलं की दाजी आधी तीन प्रश्न विचारायचे. "कोणाच्या घरचे तुम्ही? गाव कोणतं? फोटो कशाला पाहिजे?" तिन्हींची उत्तरं नीट मिळाल्याशिवाय कॅमेऱ्याला हात नाही. आणि उत्तरांतून सोयरीक निघायची, कुणाचा मामा कुणाचा वर्गमित्र निघायचा, चहा यायचा. फोटो एका मिनिटाचा, चौकशी तासाची. मग हुकूम सुटायचा, "श्वास धरा." माणसानं श्वास धरला की दाजींच्या ध्यानात यायचं, चष्मा आतल्या खोलीत राहिला. ते चष्मा आणायला जायचे. तालुक्यातल्या एका पिढीच्या लग्नाच्या फोटोंत सगळ्यांचे डोळे वटारलेले आहेत ते ह्यामुळे. माझाही तसाच आहे. तो बघून सासूबाईंनी मला पसंत केलं. पुढे त्यांनीच सांगितलं, पोरगी कडक दिसली, म्हटलं घर धाकात ठेवंल.

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि धबधबा गुंडाळून माळ्यावर गेला. दाजी चार दिवस रिकाम्या स्टुडिओत स्टुलावर बसून राहिले. पाचव्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि आठवडी बाजारात जाऊन उभे राहिले. तेव्हापासून त्यांनी बाजार चुकवला नाही. मिरच्या निवडणारी बाई, एसटीच्या दारातून शेळी आत ढकलणारा माणूस, स्वतःच्याच मालावर बसून डुलक्या घेणारा घोंगडीवाला, असे एकेक फोटो. मला त्यातलं कळत नाही, पण त्यांतली माणसं श्वास सोडलेली होती एवढं दिसायचं.

माझी भाची, म्हणजे त्यांची लेक, नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनियर झाली आणि पुण्याला नोकरीला लागली. तिनं अप्पांना वेबसाइट करून दिली. म्हणाली, "अप्पा, आता तुमचे फोटो अमेरिकेतून पण दिसतील."

दाजी म्हणाले, "दिसू दे की. पर बघून राहिलो म्हणून त्यांनी सांगाय नको का?"

ते तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं.

पहिले चार-पाच महिने वेबसाइट सताड उघडी होती, फोटोही मोठमोठे. एक दिवस मुखेडच्या बसस्टँडसमोर मसाल्याच्या दुकानावर नवा बोर्ड लागला आणि त्यावर दाजींची मिरचीवाली बाई. बोर्ड केला होता शेजारच्याच फ्लेक्सवाल्यानं. दाजी त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. गर्दी जमली. तो बिचारा म्हणाला, "काका, नेटवर होता, म्हणून घेतला."

"माझ्या दारात लिंबाचं झाड हाय. उद्या तोडून नेतूस का, दारात होतं म्हणून?"

चारचौघांत त्याला चोर म्हणून झालं. वेबसाइटवरून उतरवलेला एकूण एक फोटो पुसून टाकीन, अशी नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. त्यानं ती घेतली. दाजींनी तरीही पुढची दोन वर्षं त्या दुकानासमोरून जायचं टाळलं. नांदेडची एसटी धरायची तरी पलीकडून वळसा घालून.

आणि मग कुलपं सुरू झाली. बोट दाबून धरलं की फोटो मोबाइलात उतरतो म्हणे, तर ते आधी बंद झालं. मग मोठे फोटो काढून चिमुकले लावले. मग शिक्का आला. इतर फोटोग्राफर कोपऱ्यात बारीक नाव टाकतात, दाजी म्हणाले, कोपरा कापून टाकायला काय अक्कल लागते? म्हणून त्यांचा शिक्का फोटोच्या मधोमध, जाड पांढऱ्या अक्षरांत, बहुतेक वेळा माणसाच्या तोंडावर. 'विचारल्याशिवाय घेऊ नये.' उदगीरकडच्या एका घरातल्यांनी आपल्या म्हाताऱ्याचा तसला फोटो शिक्क्यासकट मोठा करून चौकात लावला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली सगळ्या गोतावळ्याची नावं, आणि म्हाताऱ्याच्या छातीवर 'विचारल्याशिवाय घेऊ नये'. येणारे-जाणारे थांबून वाचायचे आणि वर आभाळाकडं बघायचे.

शिक्क्यानंतर पासवर्ड. वेबसाइट उघडली की एक रिकामी चौकट आणि खाली सूचना, पासवर्डसाठी फोन करावा. फोन केला की तेच तीन प्रश्न. कोणाच्या घरचे, गाव कोणतं, फोटो कशाला पाहिजे. एकदा शिरूर अनंतपाळचा एक मास्तर अडकला. त्याला शाळेच्या भिंतीसाठी बाजाराचा फोटो पाहिजे होता. अर्ध्या तासात त्याची आत्या आणि दाजींची चुलती एकाच गावच्या निघाल्या, पाऊण तासात त्या गावच्या जत्रेत दाजींचा जोडा हरवला होता तोही विषय निघाला. मास्तर शेवटी म्हणाला, "काका, शाळा सुटायची वेळ झाली." तेव्हा कुठं पासवर्ड मिळाला. पासवर्ड रोज नवा, आणि तो म्हणजे त्या दिवशीची भाजी. आज मेथी, उद्या चवळी. सकाळी फोनवर कुणाला मेथी सांगून टाकली आणि अक्कानं ऐनवेळी वरण टाकलं, तर घरात गहजब.

"मी लोकांना मेथी सांगून बसलो ना!"

"मग लोकांकडंच जेवा."

आता खरी गोष्ट कोठीची. भाचीनं बजावलं होतं, "अप्पा, मूळचे फोटो हार्डडिस्कवर घ्या आणि ती सुरक्षित जागी ठेवा." दाजींनी घेतले. कॉम्प्युटरवरचे कुणी चोरील म्हणून तिथले पुसून टाकले. आणि हार्डडिस्क फडक्यात बांधून ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत पार तळाशी पुरून ठेवली. "चोर शिरला तरी ज्वारी उपसत बसणार न्हाई," हा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर होता. फक्त अक्का दर साली ज्वारीला किडा लागू नये म्हणून कोठीत त्या उग्र गोळ्या ठेवते, हे त्यांच्या गावीच नव्हतं. आणि कोठीत तळाशी नवरा काय ठेवतो ते अक्कानं कधी विचारलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात मी मुखेडला गेले होते. अक्काचे गुडघे धरले होते म्हणून आठ-दहा दिवस राहिले. एका सकाळी दारात एक म्हातारी उभी राहिली. डोक्यावर पदर, पायाला धूळ, जवळच्या वाडीवरून आलेली.

"फोटूवाले भाऊ हायेत का?"

दाजी बाहेर आले आणि तीन प्रश्नांना सुरुवात केली. म्हातारीनं तिन्हींची उत्तरं एका दमात दिली. "घोंगडीवाल्याच्या घरची. वाडी हितलीच. मालक गेले की माझे. पुढच्या सोमवारी वर्साचं हाय. भिताडावर लावाय फोटू पाहिजे."

"घरात एकबी न्हाई?"

"आधारकार्डावरला हाय. त्यात ते भेदरल्यावानी दिसतेत. तसे नव्हते ओ ते. बाजारात बसल्या बसल्या झोपायचे, लई निवांत माणूस. तुमच्या त्या मोबाइलात हायेत तसे. सुनेनं तुमाला फोन लावून बघितलं, मला दाखवलं." मग जरा थांबून म्हणाली, "पर तोंडावर काय तरी लिवलंय त्यांच्या. तेवढं पुसून द्या."

दाजी म्हणाले, "देतो की. मूळचा हाय माझ्याजवळ, स्वच्छ. शनिवारी या."

ती गेल्यावर दाजींनी मोठ्या ऐटीत ज्वारी उपसली. मला शेजारी उभं केलं, कसं जपून ठेवतात ते बघा म्हणाले. गाठोडं निघालं. आतली हार्डडिस्क कॉम्प्युटरला जोडली. काहीच झालं नाही. उलटं जोडलं, सुलटं जोडलं. दाजींनी तिला सदऱ्यानं पुसलं, उन्हात ठेवलं, पुन्हा जोडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं नांदेडला गेलो. दुरुस्तीवाल्यानं स्क्रू काढून बघितलं, वास घेतला आणि म्हणाला, "काका, ही धान्यात ठेवली होती का? गोळ्यांच्या गॅसनं आतलं तांबं खाऊन टाकलंय. ह्यातून आता काही निघत नाही."

परतीच्या गाडीत दाजींनी ती हार्डडिस्क फडक्यात बांधून मांडीवर धरली होती. मी खिडकीतून बघत राहिले. घरी आल्यावर अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पर किडा लागला न्हाई ना?"

पुण्याला फोन झाला. भाची म्हणाली, वेबसाइटवर आहेत ते चिमुकले आहेत आणि शिक्का त्यांतच मुरलाय, काढता येणार नाही. आम्ही तो घोंगडीवाला पुन्हा उघडून बघितला. कपाळावर 'विचारल्याशिवाय', मिटलेल्या डोळ्यांवर 'घेऊ', आणि हसऱ्या ओठांवर 'नये'. दाजी किती वेळ त्याच्याकडं बघत होते. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सात वर्षांचा बाजार गेला. जाऊ द्या. पर त्या बाईला मी देतो म्हणलो."

शुक्रवारी सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला. "मेव्हणीबाई, चला जरा." कुठं, ते सांगितलं नाही. बसस्टँडजवळ आल्यावर नेहमीचा वळसा घेतला नाही तेव्हा मला कळलं. फ्लेक्सवाला कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं काम करत होता. दाजींना बघून तो उभाच राहिला.

दाजी म्हणाले, "तू नारळावर हात ठेवला होतास."

"हाव काका."

"सगळे पुसले म्हणलास."

"हाव."

"ती शपथ खरी होती का खोटी?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, दुकानाच्या छताकडं बघितलं. दाजी पुढं झाले आणि एवढ्या हळू बोलले की मलाच नीट ऐकू आलं नाही.

"खोटी असंल तर लई उपकार होतील बाबा."

फ्लेक्सवाल्यानं पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ बघितलं. "काका, खोटीच हाय. एवढे चांगले फोटो पुसायला हात धजला न्हाई माझा." आणि त्यानं कॉम्प्युटर उघडला. पहिल्या चार-पाच महिन्यांत लावलेले सगळे होते. मोठे, स्वच्छ, बिनशिक्क्याचे. मिरचीवाली होती, शेळी होती. घोंगडीवाला आपल्या ढिगावर मान टाकून, ओठाच्या कोपऱ्यात हसत झोपलेला होता. नंतरच्या वर्षांचे मात्र नव्हते, ते कोठीत गेले ते गेलेच. दाजी स्टुलावर बसले आणि प्यायला पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "कोणाच्या घरचा रे तू?" दोन वर्षांपूर्वीच्या भांडणात हे विचारायचं राहून गेलं होतं. पुढचा तास मी बाहेर बाकड्यावर काढला.

शनिवारी म्हातारी आली. फ्लेक्सवाल्यानं फोटो मोठा करून चौकटीत बसवून दिला होता. तिनं तो मांडीवर घेतला आणि ओठांवर बोट फिरवून बघितलं. "पुसलं की ओ," म्हणाली. "निजलेत बगा." दाजी 'हाव' म्हणाले आणि चष्मा आणायला आत गेले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

त्याच संध्याकाळी भाचीला फोन. "सगळी कुलपं काढ. ते पासवर्ड-बिसवर्ड काढ. मोठे फोटो लाव."

"आणि शिक्का?"

"कोपऱ्यात बारीक नाव टाक. कापणारे कापतील."

वाचलेल्या फोटोंच्या आता तीन प्रती आहेत. एक भाचीकडं पुण्याला, एक माझ्या कपाटात, आणि एक फ्लेक्सवाल्याकडं, अधिकृत. घरी ठेवायची नाही असं दाजींनीच ठरवलं. अक्का म्हणते, कोठीला नजर लागली होती, सुटली.

वेबसाइट आता कुणालाही दिसते. भाची सांगते, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त लोक येतात, बघतात, उतरवून घेतात. मी दिवाळीला गेले तेव्हा दाजी ओसरीवर बसले होते, बाजूला फोन. मधूनच तो उचलून बंद तर पडला नाही ना, असं बघत होते.

"लई लोक बघून राहिले म्हणे," मला म्हणाले. "चांगलंय." मग फोन पुन्हा खाली ठेवून, "फोन मात्र एकबी न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की इतकी वर्षं आम्ही ज्याला कुलूप म्हणत होतो ती त्यांची दारावरची कडी होती. कुणी वाजवावी म्हणून लावलेली.

लातूरला आल्यापासून मी दर रविवारी सकाळी त्यांना फोन करते. ते उचलतात आणि मी म्हणते, "फोटो बघायचे हायेत. पासवर्ड पाहिजे होता."

पहिल्यांदा पलीकडं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग घसा खाकरल्याचा आवाज. मग जुना, स्टुडिओतला आवाज, "कोणाच्या घरचे तुम्ही?"

मी सांगते. गाव सांगते. तिसऱ्या प्रश्नाला मला दर वेळी नवं उत्तर शोधावं लागतं, कारण मागच्या रविवारचं चालत नाही. पाऊण तास तरी जातो. शेवटी ते म्हणतात, "हां, घ्या मग लिहून. शेपू."

आणि मी पेन घेऊन खरंच लिहून घेते.