राखेच्या रंगाची हळद

रोज सकाळी चहाआधी शेखर भुयार खिडकीत एक कोरा कागद धरून उभा राहायचा. उन्हात तो कसा दिसतो ते बघायचा, मग स्वयंपाकघरातल्या बल्बखाली नेऊन पुन्हा बघायचा. कागद तोच, बल्बखाली तो पिवळा झालेला असतो, तरी डोळा त्याला पांढराच म्हणतो. कॅमेरा तसं म्हणत नाही. कॅमेऱ्याला ते शिकवण्यात शेखरची दोन वर्षं गेली होती.

वलगावच्या भाजी पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा अकोल्यात येऊन प्रोग्रामिंग शिकला, जठारपेठेत राहू लागला आणि फोटो स्टुडिओंसाठी फिल्टर लिहू लागला. फिल्टर म्हणजे फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लावलेला एक छोटा नियम. ठिपक्याचा रंग घ्यायचा, बदलायचा, परत ठेवायचा. शेखरचा फिल्टर आधी सगळ्या फोटोच्या रंगांची सरासरी काढायचा. ती पिवळी निघाली की उजेड पिवळा होता असं धरायचा आणि तेवढा पिवळा काढून टाकायचा. स्टेजवरचे, पंगतीतले शेकडो फोटो त्यानं त्यातून काढून तपासले होते. हळदीचा एकही नाही. त्याचं स्वतःचं लग्न नोंदणी कार्यालयात चार सह्यांवर झालेलं. हळद त्याच्या ध्यानातच आली नाही.

त्या दिवशी स्टुडिओवाल्या सूर्यभाननं तो फिल्टर पहिल्यांदाच खऱ्या लग्नात वापरला होता. आदल्या दिवशीचे हळदीचे फोटो त्यातून काढून मंगलाष्टकांआधी बाळापूर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर दाखवायचे होते. मुहूर्त बारा पस्तीसचा. आमच्या माणसाची करामत बघा म्हणून त्यानं अमरावतीहून नत्थुजी आणि आणखी दोन फोटोग्राफर मुद्दाम बोलावले होते. त्यांना पसंत पडलं तर शेखरचा फिल्टर अमरावतीच्या निम्म्या स्टुडिओंत जाणार होता.

साडेअकराला शेखरनं घरी त्याच फोटोंची, फिल्टरमधून निघालेली प्रत उघडली. नवरीमागची भिंत चुन्यासारखी पांढरी निघाली होती. तो भिंतच बघत होता आणि मनातून सुखावला होता. शेजारी त्याची आई पार्बताबाई अंबाडी निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

“पोरीच्या तोंडाले राख काहून फासली रे?”

“राख नाही माय, हळद हाय.”

“हळद अशी रायते?”

शेखरनं भिंतीवरून नजर काढली. नवरीच्या गालांवर, कपाळावर, हातांवर करडा लेप होता. ओठ निळसर. पिवळं लुगडं, झेंडूच्या माळा, परातीतली हळद. त्या फोटोत पिवळ्याखेरीज होतंच काय? फिल्टरनं त्या सगळ्याला खराब उजेड समजून पुसून टाकलं होतं. अक्षता पडायच्या आधी आपली मुलगी सगळ्या मांडवासमोर अशी दिसली, तर तिच्या आईच्या मनातून ते कधी जाईल?

सूर्यभाननं तीनदा फोन उचलला नाही. शेखरनं स्कूटर काढली. बाळापूर रस्त्यावर दुसरंच एक वऱ्हाड नाचत होतं. मागून हॉर्न वाजवला तर बँडवाला त्याच्याकडे बघून आणखी जोरात वाजवू लागला. तो उतरला आणि स्कूटर ढकलत माणसांच्या कोपरांमधून पुढे सरकत राहिला. घड्याळ बघायचं नाही असं ठरवून त्यानं दोनदा बघितलं.

तो कार्यालयात पोचला तेव्हा पेनड्राइव्ह लागलेला होता आणि पडदा निळा उजळला होता. फोटो थांबवा, एवढंच त्याला धापेमुळे म्हणता आलं. त्यानं मोबाइलवरचा तो करडा फोटो पुढे धरला. सूर्यभाननं बघितलं, त्याचा चेहरा उतरला. अमरावतीवाले चार हात अंतरावरच उभे होते. सूर्यभान खालच्या आवाजात म्हणाला, “लोकाईसमोर बोलू नको. पडदा बिघडला म्हणू.”

नत्थुजीच्या कानावर ते गेलंच असावं. तो हसत जवळ आला. “काय भुयार, सॉफ्टवेअरलेही नजर लागते का?”

पडद्याचा पोरगेलासा ऑपरेटर सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता. दोष त्याच्या माथी जायला एक शब्द पुरला असता.

“पडदा बरोबर हाय,” शेखर म्हणाला. “चूक माही हाय. माह्या फिल्टरनं हळद खाल्ली.”

सूर्यभाननं पेनड्राइव्ह उपसला आणि कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लावलं. मूळ फोटो पडद्यावर आले. भिंत पिवळी, माणसं पिवळी, सगळंच पिवळं. नवरीची आत्या मनकर्णाबाई आपला कानापर्यंत माखलेला चेहरा बघून तोंडाला पदर लावून हसत सुटली, तिच्यामागे सगळी रांग. अमरावतीवाले मात्र घड्याळ बघत जेवणाच्या मांडवाकडे वळले. जाताना नत्थुजीनं शेखरच्या खांद्यावर हात ठेवला, पण फिल्टरबद्दल विचारलं नाही.

अंतरपाट धरला गेला. सूर्यभाननं शेखरकडे न बघता कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं. निवडक मूळ फोटो स्टुडिओत उतरवलेले होतेच, आता नव्या फोटोंसाठी त्यावर जागा करायची होती.

“भाऊ,” शेखर म्हणाला, “ते कार्ड पुसू नका. फिल्टर तपासाले हळदीचे सगळे फोटो मले पाहिजेत.”