फणसाच्या पानातलं भोक

अंधेरीच्या मशिदीच्या पडवीत सकाळी पोरं डुलत डुलत कायदा म्हणू लागली की आवाज थेट टांग्यांच्या अड्ड्यापर्यंत जाई. कायदा म्हणजे अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक. अलिफ, बे, ते, से... काय तो ठेका! मुतवल्ली दाऊद खोत त्यावर फार खूश. मशिदीचा कारभार त्यांच्या हाती, आणि आवाज दणदणीत म्हणजे शिकवणी उत्तम, हा त्यांचा हिशेब.

रत्नागिरीहून शिकवायला आलेल्या हुर्जुक उस्तादांना मात्र एक दिवस शंका आली. त्यांनी फणसाच्या पानाला भोक पाडलं, पान पुस्तकावर ठेवलं आणि भोकातून दिसणारं एकच अक्षर रुखय्याला विचारलं.

रुखय्या म्हणजे खोतांची नात, वर्गातला सगळ्यांत खणखणीत गळा. तिने भोकात डोकावून पाहिलं.

"उस्ताद, अलिफपासून म्हणू?"

उस्तादांनी कपाळाला हात लावला. इतरांना विचारलं, तर सगळ्यांचं तेच. नाटक तोंडपाठ, पण आपलं वाक्य कुठलं ते एकालाही ठाऊक नाही!

त्या दिवसापासून डुलणं बंद, कोरस बंद. प्रत्येकाने पान घ्यायचं आणि भोकातलं अक्षर ओळखायचं. पोरं कंटाळली, उस्ताद खेकसून खेकसून घसा बसवून घेऊ लागले. पोरं चिडीचूप. पोरांच्या आयांनी खोतांकडे गाऱ्हाणी नेली, की आवाजच ऐकू येत नाही. खोतांनी निरोप धाडला की शुक्रवारी येऊन ऐकेन, पूर्वीसारखं नसेल तर पनवेलचा दुसरा मौलवी ठरलेला आहे.

शुक्रवारी खोत आले, तशी उस्तादांनी निमूटपणे कोरसची खूण केली. आणि झाली ना फजिती! पोरं आता बोट ठेवून अक्षर बघून बोलत होती. एक 'जीम'वर, दुसरा अजून 'ते'वर, तिसरा अडखळलेला.

"वाट लावलीत तुम्ही," खोत म्हणाले. "साधा सूर लागत नाही यांना."

"सूर गेला तो वाचायला लागली म्हणून," उस्ताद वैतागून म्हणाले. "तुमचीच नात आहे. विचारा, कुठूनही."

खोतांनी रागारागाने पान उचललं आणि पुस्तकावर मधेच कुठेतरी दाबलं. रुखय्याने वाकून पाहिलं.

"सीन," ती म्हणाली.

त्यांनी पान सरकवलं. "दाल." पुन्हा सरकवलं. "काफ. आजोबा, पान हलवू नका ना, दिसत नाही."

खोत पान खाली ठेवून दाढी कुरवाळू लागले. मग उठता उठता म्हणाले, "पनवेलला नको म्हणून कळवतो. पण रस्त्यापर्यंत आवाज जायला हवा."

उस्तादांनी मान डोलावली आणि ते बसलेल्या घशाने पोरांवर खेकसले, "मोठ्याने रे! जो जिथे आहे तिथूनच, पण मोठ्याने!"