टँकरच्या पाण्याचा ड्रम

गॅरेजात ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा वास आला की आमचं धरणाकाठचं अंगण आठवतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. दुष्काळात धरण आटलं, आबांची नाव चिखलात रुतली. तिची मोटार काढून त्यांनी अंगणात आणली. "मोटार बंद राहिली तर जाम व्हईल," म्हणत आबांनी पेट्रोलात नेहमीच्या मापानं ऑइल मिसळलं. पण नावेची मोटार पाण्याबाहेर चालवली तर जळते, आणि पाणी होतं फक्त टँकरवरून भरलेल्या ड्रमात. माय म्हणाली, "बुडवा की ड्रमात. प्यायला शेजारून मागून आणते." आबा म्हणाले, "न्हाई. तेलाचा तवंग येईल." त्यांनी मोटार मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली. पुढं धरण भरलं, मोटार मात्र सुरू झाली नाही. ऑइलचं माप मला अजून तोंडपाठ आहे. त्या मोटारीचा आवाज काही केल्या आठवत नाही.