मामींचं आफ्रिकेतलं कीर्तन

आफ्रिका खंडाचा शोध आमच्या मामांनी लावला, याबद्दल निदान त्यांच्या मनात तरी शंका नव्हती. चौलात कुठलाही विषय निघो, तो मुक्कामाला आफ्रिकेतच जायचा. सुपारी महागली, आफ्रिका. विहीर आटली, आफ्रिका. एकदा एका गाडीवानाने वैतागून विचारलं, "बुवा, ही तुमची आफ्रिका चौलाच्या कंच्या पाखाडीत हाय?" मामांना त्याची कीव आली. वास्तविक मामा-मामी तिथे राहिले ते जेमतेम गणपतीचे दिवस. डर्बनहून आगगाडीने आत गेलं की कोळशाच्या खाणींचं नि कारखान्यांचं एक लहानसं गाव होतं. आपल्याकडची काही कुटुंबं तिथे पोटापाण्यासाठी गेलेली. त्यांनी उत्सवाला कीर्तनकार म्हणून मामांना बोलावलं. "संध्याकाळचा भोंगा झाला की गाव असं चिडीचूप, की माझी शिंक पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची," असं मामा अभिमानाने सांगत.

शिंकेचं कारण मात्र सांगत नसत. गळ्याला ते तळहातावरच्या फोडासारखं जपायचे. सूर्यास्तानंतर ताक नाही, गालात कायम ज्येष्ठमध. पण डर्बनला यजमानांनी आइस्क्रीम पुढे केलं आणि मामांनी शास्त्रार्थ काढला की समुद्रापलीकडे पथ्य लागू होत नाही. वाट्यांवर वाट्या चापल्या. कीर्तनाच्या दिवशी त्यांच्या तोंडून नुसती हवा यायला लागली. मंडळी जमलेली, समया लागलेल्या. तेव्हा मामी उठली. मामा घरी रोज आख्यानं घोकत आणि मामी तांदूळ निवडत बसे. तिला ती सगळी पाठ झाली आहेत हे मामांनाही ठाऊक नव्हतं. पदर खोचून तिने चिपळ्या घेतल्या आणि सीतास्वयंवर लावलं. "आणि मागे झांजा धरून मी! अरे, मी!" हे सांगताना मामांचे डोळे भरत. "माझ्या कीर्तनात लोक डुलतात. तिच्या कीर्तनात कुणी हललं नाही रे." पुढे मामांचा गळा सुटला तरी लोकांनी तिलाच उभं केलं. तिथे मामी खळखळून हसायची म्हणे. आम्ही ते कधी ऐकलं नाही.

परतल्यावर देवळाच्या पंचांनी मामांना बोलावलं. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त घ्या, आणि बाईमाणसाने पुन्हा कीर्तनाला उभं राहायचं नाही. नाहीतर रामनवमीचं कीर्तन दुसऱ्याला देऊ. ते कीर्तन पिढ्यान्‌पिढ्या मामांच्या घरात होतं. मामा दोन्हीला एका दमात हो म्हणाले, पंचगव्य प्यायले आणि वर गुळाचा खडा मागून घेतला. मामीला हे मागाहून कळलं. त्या दिवसापासून घरातलं तिचं गुणगुणणं थांबलं.

आफ्रिकेची टकळी सुरू झाली ती तेव्हापासून. गावाला ती बढाई वाटे. मला वाटतं, तिथे जे त्यांनी ऐकलं ते इथे कुणीतरी खरं मानावं, एवढीच त्या बिचाऱ्यांची धडपड होती. काही वर्षांनी पंच बदलले. नवे पंच आपण होऊन घरी आले आणि रामनवमीला वहिनींनीच उभं राहावं म्हणाले. मामा लगबगीने चिपळ्या पुसायला बसले. मामीने पंचांना हात जोडले. "आता गळा राहिला नाही माझा," ती म्हणाली. मंडळी गेल्यावर मामांनी पुसलेल्या चिपळ्या पुन्हा फडक्यात बांधल्या. मग आत येऊन म्हणाले, "मी तेव्हा हो म्हणायला नको होतं ना गं?"

"तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं," मामी म्हणाली.

रागाने म्हणाली असती तर मामांना सोसलं असतं. पण तिने त्यांचं पान मांडलं, भातावर तूप वाढलं आणि हळूच म्हणाली, "जेवा आता."