तीन महिने घातलेलं पाणी

ते प्रकरण अजून मनातून जात नाही. नव्वदच्या दशकात मी लोणंदजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो. मार्च महिन्यात एक बागायतदार तक्रार घेऊन आला. त्याच्या आमराईतल्या फांद्या कुणीतरी छाटून नेल्या होत्या. शेळ्यांसाठी नेल्या असतील, असं म्हणत आम्ही किरकोळ चोरीची नोंद केली आणि कागद मागे पडला.

तीन महिन्यांनी खबऱ्याने आमच्या हवालदाराला सांगितलं, की त्या फांद्या टेम्पोने पलीकडच्या माळावर गेल्या होत्या. तिथे सात जणांनी सरकारी अनुदानातून आंब्याच्या बागा लावल्याची कागदोपत्री नोंद होती. दोन पंच घेऊन मी निघालो.

पहिलंच शेत बौद्धवस्तीतल्या एका विधवा बाईंचं. वय पन्नाशीचं. भर उन्हात घागरीने पाणी घालत होत्या. प्रत्येक आळ्यात एक वाळकी काडी उभी, पानाचा पत्ता नाही.

"मावशी, कधीपासून पाणी घालताय?"

"लावली तवापास्नं. वढ्यापलीकडच्या हिरीवरनं आणतीया. पानं गळली, पर कलमं हायती सायेब, फुटत्याल."

"एखादं उपटून नाही पाहिलं?"

"न्हाई वो! लावणाऱ्यांनी बजावलं हुतं, हात लावू नका, मुळं ढिली हुत्याल."

मी वाकून एक काडी ओढली. अलगद हातात आली. खाली मूळ नव्हतंच, कोयत्याचा तिरपा घाव होता. दुसरी ओढली, तिसरी ओढली. तेच. मावशींनी घागर खाली ठेवली, काडी माझ्या हातातून घेतली आणि त्या घावावरून बोट फिरवत राहिल्या. आम्ही मार्चमध्येच त्या टेम्पोचा माग काढला असता, तर या बाईच्या खेपा वाचल्या असत्या.

जबाबात त्यांनी सांगितलं, लागवडीच्या दिवशी अंगठा द्यायला त्यांना तालुक्याला नेलं होतं; परत आल्या तेव्हा कलमं लावून झाली होती. बाकी सहा जणांनीही तेच सांगितलं. सगळ्यांना जीपमधून नेणारा माणूस एकच, रोपं पुरवणारा ठेकेदार. त्याला ताब्यात घेतलं.

दोन दिवस तो बधला नाही. पाणी नव्हतं, रोपं मेली, एवढंच पालुपद. मी आवाज चढवला नाही. टेबलावर छाटलेल्या काड्या मांडल्या आणि मावशींचा जबाब वाचून दाखवला. ओढ्यापलीकडून पाणी आणते, इथवर आल्यावर त्याने दचकून वर पाहिलं.

"बाई पाणी घालत हुती?"

"रोज. तीन महिने."

"पर कशाला? तपासणीपुरतं हिरवं दिसलं, फोटू निघाला, विषय मिटला. कोन पाणी घालंल असं वाटलंच न्हाई वो सायेब."

चोरीची लाज त्याला नव्हतीच. त्याला खरोखरच फक्त नवल वाटत होतं. मग सगळं बाहेर आलं, तपासणी करणाऱ्या कृषी कर्मचाऱ्याचं नावसुद्धा. दोघांवर दोषारोपपत्र दाखल झालं. पुढे शिक्षाही झाली.

अटकेची बातमी द्यायला मी मावशींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "म्हंजी माजं पाणी कमी पडलं न्हवतं न्हवं?"

तीन महिने वस्तीतले लोक त्यांना म्हणत होते, तुझ्या हाताला गुण नाही. त्याही तेच धरून बसल्या होत्या.

फसलेली माणसं ठाण्याची पायरी का चढत नाहीत, हे मला तेव्हा समजलं. ती आधी स्वतःलाच दोष देतात. त्यानंतर निवृत्तीपर्यंत फसवणुकीच्या कुठल्याही गुन्ह्यात जबाबाचा कागद पुढे ओढण्याआधी मी समोरच्याला सांगत असे, "चूक तुमची नव्हती." अनेक जण तिथेच रडायला लागत. मी थांबत असे.