बारा छत्तीसची नोंद

आमच्या घरी रेडिओ होता आणि त्या रेडिओने माझ्या संसाराची अठरा वर्षं खाल्ली. हे मी तोंडावर सांगते, गोड बोलायचा मक्ता काही मी घेतलेला नाही. गल्लीत तेव्हा तीन घरांत रेडिओ. त्यातला एक आमचा, आणि तोही फुकटचा, कचेरीने दिलेला. बायका नळावर म्हणायच्या, तुमचं काय बाई, दिवसभर गाणी. गाणी म्हणे! रेडिओ ऐकणं काय असतं ते त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं, आणि रेडिओ माझ्या घरात होता.

झालं होतं असं की आमच्या ह्यांना रेडिओ केंद्रात नोकरी होती ती फक्त ऐकण्याची. आपला कार्यक्रम साध्या घरातल्या साध्या रेडिओवर कसा ऐकू येतो, हे केंद्राला कळायला हवं होतं. म्हणून ह्यांनी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी बाहेरच्या खोलीत घड्याळ घेऊन बसायचं आणि वहीत लिहायचं. बातम्या किती सेकंद उशिरा लागल्या, खरखर कुठे झाली, निवेदक कुठे अडखळला. जे कानाने ऐकलं तेवढंच. कोणी सांगितलेलं नाही, अंदाजाने तर नाहीच. वहीच्या पानांवर आकडे छापलेले आणि प्रत्येक पानावर शिक्का, म्हणजे फाडायची सोय नाही. कचेरीत ह्यांच्या हुद्द्याला काहीतरी लांबलचक नाव होतं. गल्लीत सगळे 'कानवाले' म्हणायचे. लोक कानात तेल घालून बसतात, आमच्या ह्यांना ते तेल काढून बसायचा पगार होता.

आणि ह्यांचे कान उघडे म्हणजे आमची तोंडं बंद. झाकण ठेवायचं ते फडक्यावर. मोरीत तांब्या आपटला की बाहेरून खाकरल्याचा आवाज यायचा. आमची लेक घरात इतकं हळू बोलायला शिकली की शाळेतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं, मुलीच्या घशाला काही झालंय का. मी म्हटलं, घसा ठणठणीत आहे, तिचा बाप ऐकतोय. बरं, एवढं ऐकून माणूस कधी म्हणाला असेल का, की गाणं छान झालं? नाव नको. खिडकीखाली गल्लीतली माणसं गाणं ऐकत डोळे मिटून उभी असायची आणि हे घड्याळाकडे बघत. एकदा मी विचारलं, आवडलं का? तर म्हणाले, शेवटी तीन सेकंद शांतता होती. मी कपाळाला हात लावला.

पण एक सांगते, माणूस खोटं लिहायचा नाही. अठरा वर्षांत एक सेकंदही इकडचा तिकडे नाही. वहीची दुसरी प्रत मीच उतरवून द्यायचे, म्हणून मला माहीत.

त्या दिवशी ह्यांची दाढ सुजली होती. रात्रभर कळवळले, तरी सकाळी सहाला घड्याळ लावून बसले. बातम्या झाल्या, बाजारभाव झाले, वाद्यवादन झालं. दहा वाजेपर्यंत कळ दाढेतून कानात शिरली. डावा कान बधिर झालाय, म्हणाले, आणि तेव्हा कुठे ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाढेसाठी नाही, कानासाठी! दातांचा डॉक्टर बाराला बसायचा. मी म्हटलं, तुम्ही जा, दुपारचं मी ऐकते. नाही नाही म्हणाले. नियमात बसत नाही म्हणाले. मी म्हटलं, अक्षर माझं तुमच्यासारखं, घड्याळ कचेरीचं, आणि कान मला देवाने दोन दिलेत. शेवटी तोंडाला रुमाल बांधून गेले.

नेमका त्याच दुपारी साडेबाराला शिंप्याच्या सुनेचा कार्यक्रम होता. कोपऱ्यावरच्या शिंप्याची ही धाकटी सून. गाते कशी म्हणाल, तर कापड बेतता बेतता सासऱ्याची कात्री थांबते. केंद्रावर ती तीन महिन्यांतून एकदा पंधरा मिनिटं गायची, थेट, समोर माईक ठेवून. पण तिच्या नावावर एकदा उशिरा पोहोचल्याचा शेरा होता. मुलगा तापाने फणफणलेला असताना निघाली होती, त्याचा. दुसरा शेरा पडला की नाव कायमचं कमी, असा नियम. ती मला निघताना भेटली होती. साडेदहाला! कार्यक्रम साडेबाराचा आणि बाई साडेदहाला घर सोडून निघाली. म्हणाली, काकू, ह्या वेळी केंद्राच्या दारातच जाऊन बसते.

मी ह्यांच्या खुर्चीवर बसले. खिडकीखाली निम्मी गल्ली जमलेली, शिंपीणबाई सगळ्यांत पुढे. सव्वाबाराला मधमाश्यांवर भाषण सुरू झालं. करणारे गृहस्थ म्हणजे केंद्राच्या मोठ्या साहेबांचे साडू. साडेबारा वाजले, मधमाश्या काही पोळ्यात शिरेनात. बारा एकतीस, बारा तेहेतीस. खाली लोक चुळबुळ करायला लागले. गृहस्थ मजेत, राणीमाशीचे गुण सांगतायत. त्यांना थांबवायची कोणाची छाती होणार? बारा छत्तीसला त्यांनी आभार मानले, आणि निवेदकाने दुसरा एक शब्द न बोलता नुसतं तिचं नाव घेतलं. ती गायली. दुसरं गाणं ऐन भरात असताना पंचेचाळीसला ओळीच्या मध्येच केंद्राने आवाज बारीक केला आणि बातम्या लावल्या. पंधरा मिनिटांतली सहा मिनिटं साडूंच्या माश्यांनी खाल्ली. लिहिलं मी जसंच्या तसं: भाषण सहा मिनिटं लांबलं, गायन बारा छत्तीसला सुरू, बारा पंचेचाळीसला अर्ध्यावर तोडलं. पुढे एक अक्षर नाही.

हे दाढ काढून आले, पान वाचलं, मान हलवली. रुमाल तोंडाशी धरूनच म्हणाले, ठीक आहे. ठीक आहे म्हणे! सोन्याचं पदक दिल्यासारखं वाटलं मला, तेही खरं.

पाच वाजता केंद्रातले चष्मेवाले साहेब सायकलवरून घरी आले. असे कधी यायचे नाहीत. चहा नको म्हणाले, वही मागितली. वाचली आणि चेहरा आंबट केला. वही शनिवारी वरच्या कचेरीत जायची. भाषण सहा मिनिटं का लांबू दिलं, असं वर कोणी विचारलं असतं तर मोठ्या साहेबांना उत्तर द्यावं लागलं असतं. आता पान फाडता येत नाही, खोडता येत नाही. म्हणून ह्या गृहस्थांनी तोडगा आणला होता. खाली फक्त एक ओळ वाढवायची: गायिका उशिरा पोहोचल्याने भाषण लांबवावे लागले, असे निवेदकाने सांगितले. बस, एवढीच ओळ.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. साडू घरी जाऊन झोपले असतील आणि दोन तास दारात बसलेल्या पोरीचं नाव कमी! मी आतल्या दारात उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी कोण बोलणारी? दुपारचं ऐकणं माझं होतं हे कळलं असतं तर ह्यांची नोकरी गेली असती. म्हटलं, आता हे काय करतायत बघू.

आणि काय केलं असेल ह्या माणसाने? पेन हातात घेतलं, माझ्याकडे वळले आणि साहेबांच्या देखत मला विचारलं, "निवेदकाने तसं सांगितलं होतं का?"

अहो, अठरा वर्षांची सवय. ऐकलेलं असेल तर लिहायचं, नसेल तर नाही. आणि ऐकलेलं होतं ते मी. ह्यांच्या ध्यानातही आलं नाही की आपण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

साहेबांच्या मात्र लगेच ध्यानात आलं. चष्मा वर सरकवला. म्हणजे तुम्ही घरी नव्हता तर, म्हणाले. मग आवाज मऊ केला. असू दे, होतं माणसाचं, मी काही पाहिलं नाही, तुम्ही ती ओळ लिहा आणि विषय संपवा. वर मला हसून म्हणाले, बायकांच्या ऐकण्याचं काय धरायचं, हातात स्वयंपाक, मनात दुसरंच.

मी पुढे आले. "तसं कोणी काही सांगितलं नाही," मी म्हटलं. "नुसतं तिचं नाव घेतलं. बारा छत्तीस."

ह्यांनी वही जवळ ओढली. सुजलेला गाल, डोळे लाल. मला वाटलं, लिहितात आता. लेकीची फी, घरभाडं, सगळं त्या एका ओळीवर. लिहिलं असतं तर मी काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही.

ह्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. "ऐकलंय हिने," साहेबांना म्हणाले. "सही पण हिचीच हवी."

मी सही केली. माझ्या नावाने, ठसठशीत. चष्मेवाले चहा न पिता आले तसेच गेले.

शनिवारी वही वर गेली. सकाळच्या नोंदीखाली ह्यांची आणि दुपारच्या नोंदीखाली माझी सही बघून वर बोंब झाली असणारच. पण वरच्यांनी केंद्राच्या यंत्रघरातल्या नोंदी काढून ताडून बघितलं आणि मिनिटाला मिनिट जुळलं. शिंप्याच्या सुनेवर शेरा पडला नाही. साडूंचं काय झालं? काय व्हायचंय, पुढच्या महिन्यात ते मुंग्यांवर बोलले. ह्यांना मात्र नियम मोडल्याबद्दल ऐकण्यावरून काढलं आणि सामानाच्या कोठारात बसवलं. घरातला रेडिओ दोन माणसं येऊन उचलून घेऊन गेली. ह्यांनी मला बजावलं, वहीतली गोष्ट बाहेर बोलायची नसते. मी म्हटलं, आता कसली वही? तर म्हणाले, नियम नियमच. धन्य आहे!

तीन महिन्यांनी तिचा कार्यक्रम पुन्हा लागला. शिंप्याने दुकानात नवा रेडिओ आणला होता. सगळी गल्ली जमली, आम्हीही गेलो. बसायला कोणी सांगितलं नाही. चष्मेवाले साहेब त्या दिवशी आमच्या दारातून बाहेर पडताना सगळ्यांनी पाहिले होते, वहीत सुनेबद्दल काही लिहिलं गेल्याचंही कानावर आलं होतं, आणि गल्लीने आपापला हिशेब मांडला होता. शिंपीणबाई सगळ्यांसमोर, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "कोणी कितीही चहाडी करू दे. आमची पोर टिकली, आणि करणाऱ्याची गेली खुर्ची. देव बघतो."

माझ्या ओठांवर सगळं आलं. बारा छत्तीस, माश्या, साडू, सही, सगळं. ह्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं आणि सोडलं नाही. आणि तेवढ्यात ती गायला लागली.

राग कशाचा येतो सांगू? शिंपीणबाईंचा येतो, साहेबांचा येतो, ह्यांच्या नियमांचा तर येतोच येतो. पण त्या दिवशी पूर्ण पंधरा मिनिटं मी तिथे उभी राहिले, पाय दुखले तरी हलले नाही, कारण ती पोर खरंच फार सुंदर गाते.