शनिवार-रविवारचा विद्यार्थी

जालन्यातल्या एका मोठ्या लॅबने मला फसवलं आणि तिच्यावर भरवसा ठेवून मी वडीगोद्रीच्या लोकांना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुम्हाला शोधत बसायला नको. या सगळ्यात एकच माणूस असा होता, ज्याने कुणालाही फसवलं नाही. त्याच्याविषयी लिहायचं आहे.

तो माझ्या रक्त तपासणी केंद्रात टेक्निशियन होता. रक्त काढून झालं की नळी दोन बोटांत धरून तो दारातल्या उजेडाकडे न्यायचा, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, "आधी नळी बघू." पेशंट घाईत असो, डॉक्टरांचा फोन वाजत असो, बाहेर जीपवाला हॉर्न देत असो, रक्त नीट गोठलं का, पेशी फुटून वरचं पाणी लाल तर झालं नाही ना, हे पाहिल्याशिवाय नळी डब्यात जायची नाही. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. शिलाई संपल्यावर कपडा उलटा करून पाहणारा शिंपी, भिंत झाल्यावर चार पावलं मागे जाऊन उभा राहणारा गवंडी. काम त्यांच्याकडेच द्यावं वाटतं आणि त्यांच्या दुकानात थांबलो की आपलं डोकं फिरतं.

माझं डोकं तसंही लवकर फिरतं. मी फारसा शिकलेला नाही. सायकलवर औषधांची खोकी पोचवली, मग मेडिकलच्या काउंटरवर उभा राहिलो, मग हायवेच्या कडेला स्वतःचं शटर घेतलं. पाटीवर माझं नाव आहे, पण सुई धरायला माझा हात थरथरतो. सुई त्याच्या हातात होती. त्याच्या घरात मेंढरं होती. वडील अजून पावसाळ्याआधी कळप घेऊन फिरायचे. लहान लेकरू रडायला लागलं की तो सांगायचा, "मेंढराची लोकर कातरताना ते बी असंच बोंबलतं, पण त्याला लागत न्हाई." लेकरू मेंढराचा विचार करेपर्यंत नळी भरलेली असायची.

चाळिशी ओलांडल्यावर या माणसाने एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. विषय क्लिनिकल बायोकेमिस्ट्री, म्हणजे रक्तातली साखर, क्षार, किडनी, लिव्हर यांची तपासणी. नोकरी करणाऱ्यांसाठी संभाजीनगरला शनिवार-रविवार वर्ग होते. तो सुट्टी मागायला आला तेव्हा मी हिशोबाला बसलो होतो.

"शनिवार जमणार न्हाई," मी म्हणालो. "शनिवारी गर्दी असते."

"मंग सकाळी साडेपाचला शटर उघडतो शेठ. उपाशीपोटीचे सगळे सॅम्पल घेतो आणि आठच्या गाडीनं जातो."

"रविवारी संध्याकाळी हजर पाहिजे."

"बराबर."

"आणि परीक्षा असली की?"

"तेव्हा रक्त तुम्ही काढा."

मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. तो गंभीर होता. सौद्यात मी सहसा हरत नाही, पण त्या दिवशी दोन्ही वार गेले आणि परीक्षेचे आठ दिवसही गेले.

"तुला हे करून काय मिळणार हाय?" मी शेवटी विचारलं. "सुई तीच, हात तोच."

"वीस वर्षं झाली, रक्त काढून राह्यलो शेठ. त्याचं पुढं काय होतं, हे कळायला पाहिजे का न्हाई?"

वर्गातली बाकीची मुलं पंचविशीच्या आतली. पहिल्या महिन्यात त्याला ती अंकल म्हणायची, दुसऱ्या महिन्यापासून सर. कारण पुस्तक त्यांना पाठ होतं, पण म्हाताऱ्याची शीर याला सापडायची. इंग्रजीशी मात्र त्याची रोजची मारामारी. अवघड शब्द तो रिपोर्टच्या जुन्या पाकिटांवर मराठी अक्षरांत लिहायचा आणि फ्रिजच्या दारावर चिकटवायचा. पेशंट विचारायचे, "हे काय, मंत्र हायेत का?" तो म्हणायचा, "माझ्यासाठी मंत्रच हायेत." वर्गाला लागल्यापासून त्याने आणखी एक खूळ काढलं. प्रत्येक नळीवर रक्त काढल्याची वेळ लिहायची. शाईचे डाग टेबलावर पडायचे आणि मी ओरडायचो.

आता बर्फाचं सांगतो, कारण मोठ्या लॅबशी माझं भांडण त्याच्यावरूनच आहे.

मोठ्या लॅबचा आमच्याशी करार होता. आम्ही रक्त घ्यायचं, थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवायचं आणि दुपारच्या जीपने जालन्याला पाठवायचं. बाकी सगळं ते करणार. आमच्याकडे रक्त फिरवून वरचं पिवळं पाणी, म्हणजे सिरम, वेगळं करायचं छोटं मशीन होतं. त्यांच्या मॅनेजरने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ते बंद ठेवा. तुम्ही फक्त नळी थंड ठेवा." मी तसंच केलं, आणि जरा जास्तच केलं. कोल्ड्रिंकवाल्याशी घासाघीस करून असा बर्फ मिळवला की उन्हाळ्यातही जालन्यापर्यंत वितळायचा नाही. मॅनेजर म्हणायचा, "शेठ, सगळ्या तालुक्यात तुमचं सॅम्पल सगळ्यात गार येतं." मी ते चारचौघांत सांगत फिरायचो. नाशवंत माल गार ठेवावा, एवढं मला कळत होतं. दूध गार, लस गार, मग रक्तही गार. तुम्हीही हाच विचार केला असता.

तिकडे पोचल्यावर आमचा डबा तसाच त्यांच्या फ्रिजमध्ये जायचा आणि दुसऱ्या सकाळी उघडला जायचा. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुमारास तो एकदा माझ्याजवळ येऊन उभा राहिला होता. "शेठ, ह्या बर्फाबद्दल थोडं बोलायचं होतं. वर्गात सरांनी एक गोष्ट..." मी त्याला मध्येच तोडलं. म्हटलं, बर्फावर बोलायचं नाही, बर्फ माझा. ही माझी चूक. ती मी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी ती माझ्या तोंडावर फेकायला नको.

त्या हिवाळ्यात माझी मोठी बहीण, आक्का, तीर्थपुरीहून माझ्याकडे राहायला आली. तिला साखरेचा त्रास आहे, म्हणून तिच्या सगळ्या तपासण्या करून टाकल्या. शुक्रवारी दुपारी मोबाइलवर रिपोर्ट आला. पोटॅशियम सहा पूर्णांक नऊ, खाली लाल रेघ. पाचच्या पुढे गेलं की डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात, एवढं मला माहीत होतं. हे तर सातला टेकलं होतं. गावातले डॉक्टर म्हणाले, किडनी असेल, हृदयही बंद पडू शकतं, संभाजीनगरला न्यावं लागेल. आणि पोटॅशियम वाढवणारी केळी, टोमॅटो, नारळपाणी आजपासून बंद.

मी लगेच गाडीवाल्याला फोन लावला. आईच्या मागे मला आक्कानेच वाढवलं. आक्का मात्र खुर्चीत पाय हलवत बसली होती. म्हणाली, "आमच्या मळ्यात केळीचं झाड बी न्हाई. मंग माझी किडनी केळ्यानं कशी जाईल रे?"

टेक्निशियन तेवढ्यात आत आला. त्याने रिपोर्ट पाहिला, मग आक्काकडे पाहिलं.

"आक्का, पायऱ्या चढून आल्या का?"

"मंग काय उडून आले?"

"हातपाय गळाल्यावानी वाटतं?"

"तुझ्या शेठचं तोंड बघून वाटून राह्यलं."

तो हसला नाही. रिपोर्टवर बोट ठेवून मला म्हणाला, "किडनीचा दुसरा आकडा, क्रिएटिनिन, एकदम बराबर हाय. पोटॅशियम एकटंच वर गेलं. शेठ, आधी डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या. जल्दी. तो चांगला आला तर उद्या सकाळी मी परत रक्त घेतो."

ईसीजी चांगला आला. डॉक्टर म्हणाले, उद्या दुपारपर्यंत थांबतो, नंतर थांबणार नाही.

शनिवारी साडेपाचला त्याने आक्काचं रक्त घेतलं. बर्फाला हात लावला नाही. ते गोठू दिलं, वर्षभर धूळ खात पडलेलं आमचं मशीन पुसून त्यात फिरवलं, वरचं सिरम वेगळ्या नळीत काढलं आणि आठच्या गाडीने आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये घेऊन गेला. मी शटरच्या पायरीवर बसून राहिलो. गिऱ्हाइकांवर विनाकारण दोनदा ओरडलो. गाडी ठरवून ठेवली होती, ती समोरच उभी होती.

साडेअकराला फोन आला. "शेठ, चार पूर्णांक तीन. बिलकुल नॉर्मल. मशीनला दोनदा लावलं."

मी फोन आक्काच्या कानाला लावला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग केळं आण." मी डझनभर आणली. ती तिथेच दोन खाऊन मोकळी झाली. गाडीवाल्यालाही एक दिलं. एवढं हलकं मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलंय. दुसऱ्याच मिनिटाला राग आला. मी तो थर्माकोलचा डबा उचलून हायवेच्या कडेला फेकला. बर्फ सगळीकडे पसरला आणि दोन कुत्री तो चाटत बसली.

रविवारी संध्याकाळी ठरल्याप्रमाणे तो हजर झाला. मी समजावून घेतलं. रक्त न फिरवता खूप वेळ गार ठेवलं की पेशी आपल्या आतलं पोटॅशियम धरून ठेवत नाहीत, बाहेर सोडतात. आकडा वाढतो, माणसाचं काहीच बिघडलेलं नसतं.

"मंग तू रोज नळी उजेडात धरून काय बघत होतास?" मी चिडून विचारलं.

"रक्त फुटलं तर दिसतं. हे दिसत न्हाई. पाणी स्वच्छ पिवळंच राहतं." त्याने मशीनचं झाकण लावलं. "वीस वर्षं डोळ्यावर भरवसा ठेवला शेठ. डोळ्याला न दिसणारं बी असतं, हे कळायला वर्गात बसावं लागलं."

त्याने कोर्ससाठी करायच्या प्रकल्पाला हाच विषय घेतला. माझ्याच दंडातून दोन नळ्या काढल्या, एक लगेच फिरवली, एक बर्फात ठेवली. माझंही पोटॅशियम बर्फाने वाढवून दाखवलं. मग मोटारसायकलवर गावोगाव जाऊन, आमच्याकडून असा रिपोर्ट गेलेल्या सात जणांचं रक्त पुन्हा घेतलं. एका म्हातारबाबांनी तीन महिने टोमॅटो तोंडात घातला नव्हता. सहा जण चांगले निघाले. सातव्याचा आकडा खराच जास्त होता. त्याला त्याच दिवशी याने स्वतः संभाजीनगरला नेलं, आणि तो माणूस आज उपचार घेऊन शेतात उभा आहे. मी दवाखाना चालवत नाही, पण त्या महिन्यात मला निकालाचा त्याचा फोन आल्यावरच झोप लागायची.

तो फर्स्ट क्लासमध्ये पास झाला. मी पेढे वाटले आणि मनातल्या मनात भाव करायला लागलो, कारण तो जाणार हे दिसत होतं. पगार वाढवून देतो म्हटलं, पाटीवर तुझं नाव खाली लिहितो म्हटलं, वर लिहितो म्हटलं. तो म्हणाला, "शेठ, पाटी तुमचीच राहू द्या. माझ्या जागी येणाऱ्या नवीन पोरीला मी सगळं शिकवून जातो." आता तो लातूरकडच्या एका दवाखान्यात बायोकेमिस्ट्रीचा विभाग सांभाळतो. आमच्याकडे सिरम वेगळं केल्याशिवाय एकही नळी जात नाही. फ्रिजच्या दारावरची पाकिटं मी काढू दिलेली नाहीत.

तो गेल्यावर आठ दिवसांनी मोठ्या लॅबचं पत्र आलं. मी तक्रार केली होती, तिचं उत्तर. लिहिलं आहे की चुकीचे रिपोर्ट आमच्या "केंद्रातील तंत्रज्ञाच्या हलगर्जीपणामुळे" गेले. खाली सही आणि शिक्का. मशीन बंद ठेवायला ज्याने सांगितलं, माझा बर्फ गार म्हणून ज्याने कौतुक केलं, त्याच मॅनेजरची सही.

त्या पत्राची प्रत मी लातूरला पाठवलेली नाही. पाठवणारही नाही. पण सही करणाऱ्याला मी सोडणार नाही. साहेब, वडीगोद्रीला या. त्या सहा घरी माझ्याबरोबर चला आणि त्यांच्या ओसरीवर बसून सांगा, तुमच्या फ्रिजमध्ये त्यांचं रक्त का पडून राहिलं, आणि ज्याने ही चूक शोधली त्याच्याच कामाला तुम्ही हलगर्जीपणा का म्हणालात. मला लेखी उत्तर पाहिजे, त्याच शिक्क्याचं.